'सबाबू' विचारत सोंगेआपर्यंत

पहिला दिवस : दार-ए-सलाम

"मावशी, लोक टांझानियात सिंह बघायला येतात. तू फाशीच्या जागा बघायला निघालीयेस," भाच्याने विमानतळावरून घरी नेताना ऐकवलं. तो इथे एका कंपनीत हिशेबाचं काम बघतो. त्याने माझ्यासाठी गाडी, चालक आणि सगळ्या मुक्कामांची सोय केली होती, त्यामुळे ऐकून घेणं भाग होतं.

मी यवतमाळ जिल्ह्यात एकतीस वर्षं इतिहास शिकवला. दर वर्षी एक प्रश्न ठरलेला : '1857 च्या उठावाची कारणे लिहा.' गुण पाच. मुलं राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक, लष्करी अशी पोपटपंची करत आणि अर्धी मुलं थेट काडतुसांवर उडी मारत. गायीची चरबी, डुकराची चरबी, संपलं उत्तर. मी लाल पेनाने 'हे तात्कालिक कारण आहे' असं लिहून दोन गुण कापायची. निवृत्तीनंतर आफ्रिकेतल्या उठावांविषयी वाचायला लागले तेव्हा टांगानिकातल्या (आजचा टांझानिया, तेव्हा जर्मनांच्या ताब्यातला) 1905 च्या 'माजी माजी' उठावाशी येऊन अडकले. माजी म्हणजे पाणी. मंतरलेलं पाणी अंगावर घेतलं की जर्मनांच्या गोळ्या पाणी होतील असा लोकांचा विश्वास होता, म्हणून ते उठले, असं सगळीकडे एका ओळीत लिहिलेलं. माझा लाल पेन आपोआप वर आला. हे तर काडतूसच झालं!

दुपारी शहर पाहिलं. समोरा अव्हेन्यूवरच्या चौकात बंदरकडे संगीन रोखून उभा असलेला काशाचा अस्करी, म्हणजे वसाहतीच्या फौजेतला आफ्रिकी शिपाई, आहे. इंग्रजांनी 1927 साली पहिल्या महायुद्धातल्या आफ्रिकी सैनिकांच्या आणि हमालांच्या स्मरणार्थ बसवलेला. त्याआधी याच जागेवर हरमान फॉन विसमान या जर्मन सेनानीचा पुतळा होता. किनाऱ्यावर अबुशिरी नावाच्या माणसाने जर्मनांविरुद्ध केलेला 1888-89 चा उठाव याच विसमानने मोडला. जर्मन गेले, पुतळाही गेला. तो पुढे हॅम्बुर्गला उभा केला, तर 1968 मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी पाडला. पुतळ्यांचं नशीबही विचित्रच.

राष्ट्रीय संग्रहालयात मात्र मी जर्मन अमदानीतल्या नाण्यांपाशी जास्त वेळ रेंगाळले. शिरस्त्राण घातलेला कैसर विल्हेल्म आणि मागच्या बाजूला 'आइने रुपी'. एक रुपया! किनाऱ्यावर आधीपासून हिंदुस्थानी रुपया चालत होता, म्हणून जर्मनांनीही आपल्या वसाहतीचं नाणं रुपयाच ठेवलं. सुरुवातीला 64 पेसांचा एक रुपया, 1904 पासून 100 हेलरचा. 1898 पासून झोपडीपट्टी सुरू झाली. म्हणजे आपली वस्ती नव्हे, झोपडीवरची पट्टी. वर्षाला एका झोपडीमागे तीन रुपये. बरं, हे रुपये मिळवायचे कुठून? गावात तर रुपया फिरतच नव्हता. म्हणजे गोऱ्याच्या मळ्यात, रस्त्यावर, ओझी वाहायला जायचं, रुपया मिळवायचा आणि तो परत गोऱ्यालाच द्यायचा. कर गोळा करणं हा अर्धाच उद्देश. माणूस घराबाहेर काढणं हा उरलेला.

रात्री चालकाशी ओळख झाली. पन्नाशीचा, किनाऱ्याकडचा, हसरा माणूस. मला त्याने वाकून 'शिकामू' केलं. मोठ्यांना करायचा नमस्कार, उत्तर 'मराहाबा'. त्यानंतर संपूर्ण प्रवासभर त्याने मला 'मामा' म्हटलं. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. पहिले दोन दिवस मी मागे वळून कोणाचे मामा आलेत ते बघत होते. मी का निघाले आहे हे भाच्याने त्याला सांगितलं तसा तो म्हणाला, "क्वा सबाबू गानी?" काय कारणाने?

सबाबू! आपली सबब. अरबीतून तो शब्द तिकडेही गेला आणि इकडेही आला. तिकडे त्याचा अर्थ कारण एवढाच राहिला. आमच्याकडे गृहपाठ न आणणारा पोरगा सांगतो ती सबब. अर्जाच्या शेवटी 'सबब, विनंती की' असं लिहितो तीही सबब.

दुसरा दिवस : रुफिजी ओलांडून

पहाटे निघालो. रस्ता दक्षिणेला, डावीकडे कुठेतरी समुद्र, पण दिसत नाही. दिसतात त्या काजूच्या आणि नारळाच्या बागा. आम्हा वऱ्हाडी माणसांना काजू म्हणजे कोकण, त्यामुळे मला सारखं रत्नागिरीला निघाल्यासारखं वाटत होतं. वाटेत चहाबरोबर मांडाझी खाल्ली. गोडसर, तळलेली, आपल्या गुलगुल्याची सख्खी बहीण.

दुपारी रुफिजी नदीवरचा पूल आला. जवळजवळ एक किलोमीटर लांब. 2003 पर्यंत इथे फेरीबोट होती, पावसाळ्यात दक्षिणेकडचा हा भाग दार-ए-सलामपासून तुटायचा. नदी रुंद, मातकट, संथ. सगळी कथा या पाण्यापासून सुरू होते.

नदीच्या दक्षिणेला आत न्गारांबे नावाचं गाव आहे. तिथे किंजिकितिले न्ग्वाले नावाचा माणूस राहत असे. 1904 साली त्याला होंगो नावाच्या दैवताने नदीच्या डोहात ओढून नेलं आणि दुसऱ्या दिवशी तो कोरड्या कपड्यांनी बाहेर आला, अशी आख्यायिका. त्यानंतर लोक त्याच्याकडे थव्यांनी जायला लागले. तो पाणी द्यायचा. पाण्यात मका आणि ज्वारीचे दाणे. जमातींनी आपसातले भेद सोडावेत, पूर्वज परत येणार आहेत, असं तो सांगायचा. आणि मी सांगेपर्यंत उठू नका, असंही. ही वार्ता कानोकान पसरली. त्या कुजबुजीला नाव होतं 'न्ज्विविला'.

मुख्य रस्त्यापासून जवळच मोहोरो आहे. 4 ऑगस्ट 1905 रोजी किंजिकितिलेला तिथे फाशी दिलं. तारीख नीट बघा. युद्ध पेटून जेमतेम पाच-सहा दिवस झाले होते. ज्याला उठावाचा सूत्रधार ठरवलं तो पहिल्याच आठवड्यात गेला, आणि त्याच्यानंतर उठाव दोन वर्षं चालला. विसेक जमातींत पसरला. एका मांत्रिकाने भोळ्या लोकांना नादी लावलं म्हणावं, तर मांत्रिक गेल्यावर हे लोक घरी का नाही गेले?

जर्मन गव्हर्नर ग्योट्सेनला हा प्रश्न सोयीचा नव्हता. मांत्रिकांची फूस आणि अंधश्रद्धा हे कारण बर्लिनला कळवायला बरं होतं. लोकांना मांत्रिकाने भडकवलं असेल तर कारभारात काही चुकलेलं नसतं. ही आपली मराठी सबब, गृहपाठवाली.

पाण्यावरच्या विश्वासाला मी हसणार नाही. बिरसा मुंडांच्या अनुयायांमध्येही इंग्रजांच्या गोळ्यांचं पाणी होईल असा विश्वास होता, आणि तोही याच सुमाराचा, 1899-1900 चा. समोरच्याकडे मशीनगन आणि आपल्याकडे भाला, ठासणीची जुनी बंदूक. अशा वेळी माणसाला घरातून बाहेर पडायला काहीतरी लागतंच. पाण्याने ते दिलं. पण पाण्याने उठायचं कारण नाही दिलं, उठायचं धैर्य दिलं. माझ्या मते हा फरक आहे, आणि तो दोन गुणांचा तरी नक्की आहे.

संध्याकाळी किल्वा मासोकोला पोचलो. तीनशेच्या वर किलोमीटर झाले होते. समुद्राच्या वाऱ्यात भाजलेला मासा आणि नारळाच्या दुधातला भात, वाली वा नाझी. कंबर मोडली होती पण जेवण झालं उत्तम.

तिसरा दिवस : किल्वा किविंजे

पर्यटक मासोकोहून होडीने किल्वा बेटावर जुने अवशेष बघायला जातात. आम्ही उलट्या बाजूला, वीसेक किलोमीटरवरच्या किल्वा किविंजेला गेलो. एके काळचं भरभराटीचं बंदर. आतल्या मुलखातून हस्तिदंत आणि गुलाम इथे येत आणि झांझिबारला जात. आज किनाऱ्यावर जर्मनांच्या बोमाचे, म्हणजे ठाण्याचे, पोकळ भग्नावशेष, गल्ल्यांत नक्षीच्या चौकटींची पडकी घरं. त्यांतली बरीच कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांची होती. एका ओट्यावर बसून मी पाणी प्यायले, तर घरमालकिणीने आतून आंबोळीसारखं काहीतरी आणून दिलं. विटुंबुआ म्हणतात. तांदूळ, नारळ, वेलची.

गावात म्वेंबे किन्योंगा नावाची जागा आहे. एंबे म्हणजे आंबा (हा शब्द आपलाच, समुद्र ओलांडून गेलेला), म्वेंबे म्हणजे आंब्याचं झाड. फाशीचा आंबा. आता तिथे स्मारक आहे. 1895 च्या नोव्हेंबरात हसन बिन ओमारी माकुंगान्या याला इथे फाशी दिलं.

आणि इथे माझी गोची झाली. कारण हा माकुंगान्या काही शेतकऱ्यांचा कैवारी नव्हता. काफिल्यांचा मोठा व्यापारी, गुलामांच्या धंद्यात मुरलेला. जर्मन आले, त्यांनी जकात आणि बंदरं हातात घेतली, त्याची सत्ता आणि कमाई बुडाली, म्हणून तो लढला. उत्तरेला पांगानीत ज्याला 1889 च्या डिसेंबरात फाशी दिलं त्या अबुशिरीचीही गोष्ट बरीचशी हीच. स्मारकावर सगळे वीरच असतात. पण गुलाम विकणारा वसाहतवाल्यांविरुद्ध लढला म्हणून त्याने विकलेला माणूस त्याचा जयजयकार करेल का? चालकाला विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मामा, आमच्या आजीच्या घराण्यातला एक या वाटेने गेला. लढून नव्हे. साखळीत."

मग आम्ही दोघं काही न बोलता किनाऱ्यावर बसलो. ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या.

एक मात्र लक्षात आलं. 1888-89 ला आणि 1895 ला किनाऱ्यावरचे बडे लोक पुढे होते. ते हरले, आणि त्यांच्यातल्याच बऱ्याच अरब-स्वाहिली लोकांना जर्मनांनी 'अकिडा' म्हणून नेमलं. अकिडा म्हणजे आपल्याकडचा मामलेदार म्हणा, पण फौजदारीसकट. त्याच्या हाताखाली गावोगावचे मुखिये, जुंबे. दहा वर्षांनी उठाव झाला तो डोंगरातल्या लोकांचा, आणि त्यांच्या रागाचा पहिला धनी अकिडाच होता. गोरा साहेब त्यांना वर्षातून एकदा दिसे. अकिडा रोज.

चौथा दिवस : मातुंबीच्या डोंगरात

डांबरी रस्ता सोडून पश्चिमेला वळलो. किपातिमूकडे जाणारा रस्ता लाल मातीचा, चढणीचा. जुलैचा महिना इथे कोरडा आणि थंडीचा, म्हणून निभावलं. तरी एकदा चाक फुटलं आणि एकदा मीच फुटायची बाकी होते, इतके हिसके. चाक बदलेपर्यंत सात-आठ पोरं जमा झाली. 'म्हिंदी, म्हिंदी' करत. म्हिंदी म्हणजे हिंदी माणूस. मी त्यांना 'शिकामू म्हणा' असं खुणावलं, तर सगळी एका सुरात 'शिकामूऽऽ'. शाळेत गेल्यासारखं वाटलं.

डोंगर फार उंच नाहीत, पण मुलूख दाट आणि वळणांचा. उतारावर भात, मका, ज्वारी, कसावा. आणि नांदेते नावाचं गाव. मला या गावी यायचं होतं.

1905 च्या जुलैअखेर नांदेतेत न्गुलुंबाल्यो मांडाई आणि लिंदिम्यो माचेला हे दोघं कापसाच्या शेतात शिरले आणि त्यांनी पऱ्हाटीची काही रोपं उपटली. बस्स. गोळी नाही, भाला नाही. दोन माणसांनी चार रोपं उपटली आणि साम्राज्याशी युद्ध सुरू झालं. अकिडाला निरोप गेला, ढोल वाजले, लोक जमले. दोन-चार दिवसांत किबाताच्या अकिडावर हल्ला झाला, मग किनाऱ्यावरचं समांगा गाठून तिथली दुकानं लुटली.

रोपं का उपटली हे समजायला मला पुस्तक लागलं नाही. माझे वडील कापूस पेरायचे. आमच्याकडे काळी माती आहे, कापूस आमच्या मर्जीने लावतो (मर्जी म्हणजे काय आणि कर्ज म्हणजे काय हा वेगळा विषय, तो इथे नको), आणि तरीही घरची ज्वारी आणि कापूस यांची दरवर्षी मारामारी. निंदण दोघांनाही एकाच वेळी लागतं. पऱ्हाटी एकटी सोडली की तण खातं, ज्वारी एकटी सोडली की पाखरं. आई ज्वारीकडे, वडील कापसाकडे, आणि आम्ही पोरं जिकडे ओरड पडेल तिकडे.

आता यातून मर्जी काढून टाका. जर्मनीच्या कापड गिरण्यांना अमेरिकेच्या कापसावर अवलंबून राहायचं नव्हतं. तेव्हा कापूस आपल्याच वसाहतीत पिकला पाहिजे. ग्योट्सेनने 1902 पासून आधी दार-ए-सलामच्या भोवती आणि मग दक्षिणेकडे ही योजना आणली : प्रत्येक मुखियाच्या गावात एक सामाईक कापसाचं शेत, गावकऱ्यांनी तिथे ठरावीक दिवस राबायचं. कापूस विकून येणाऱ्या पैशाचे तीन वाटे. एक राबणाऱ्यांचा, एक जुंबेचा, एक योजना चालवणाऱ्यांचा. कागदावर शोभून दिसतं. प्रत्यक्षात दिवस वाढत गेले, आणि राबणाऱ्यांच्या हाती आलं ते इतकं नगण्य की काही ठिकाणी लोकांनी ते घ्यायलाच नकार दिला. आणि वेळ? भाताची, ज्वारीची जी वेळ, तीच कापसाची.

त्यात जंगल आणि शिकारीवर बंधनं. रानडुकरांना मारायला जाळी लावायची बंदी, बंदुकीच्या दारूवर नियंत्रण, आणि राखणीला पुरुषमाणूस नाही कारण तो साहेबाच्या शेतात. डुकरांचं फावलं. आमच्याकडे आजही रात्री रानडुकरांसाठी जागल करावी लागते, त्यामुळे हे कारण मला सगळ्यात आधी पटलं, पण ते पाठ्यपुस्तकाच्या यादीत नसतं. 'रानडुक्कर' हे राजकीय कारण की आर्थिक?

1968 च्या सुमारास दार-ए-सलामच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी या डोंगरांत हिंडून म्हाताऱ्यांच्या आठवणी टिपून घेतल्या. त्यात सांगितलेलं एक चित्र माझ्या डोक्यातून जात नाही. सरकारी शेतंच नव्हेत, गोऱ्यांचे मळेही इथे होते. त्यातल्या एका मळेवाल्याचं लोकांनी नाव पाडलं होतं 'किनोओ', म्हणजे धार लावायचा दगड. त्याच्या मळ्यात पुढे खणणाऱ्यांची रांग. रांगेमागे चाबूकवाला मुकादम. मुकादमामागे आपापल्या पन्नास माणसांमागे उभे असलेले जुंबे. आणि सगळ्यांच्या मागे साहेब. म्हणजे जुंबेही पाठीवर डोळे ठेवूनच उभा. चाबकाला किबोको म्हणत. किबोको म्हणजे पाणघोडा. त्याच्याच कातड्याचा चाबूक. त्या माणसांच्या भाषेत जनावर आणि मार यांना एकच शब्द झाला.

गावातल्या उठावाच्या स्मारकाजवळ एक वृद्ध गृहस्थ भेटले. ऐंशीच्या पुढचे असावेत. इथे त्यांना मझे म्हणायचं, आदराने. मी आधी 'शिकामू' केलं, त्यांनी 'मराहाबा' म्हणून माझ्याकडे नीट पाहिलं. चालक मध्ये दुभाषा. मी माझा प्रश्न विचारला, क्वा सबाबू गानी?

त्यांनी उत्तर न देता मलाच विचारलं, "तुमच्याकडे कापूस होतो?"

"होतो. माझ्या वडिलांचं शेत होतं."

"विकून आलेला पैसा कोण ठेवायचं?"

"वडील. म्हणजे सावकाराने घेऊन उरलेला."

ते हसले. दात दोनच होते. "मग तुम्हाला अर्धं माहीत आहे. आमच्या आजोबांच्या वेळी उरायचंही नाही, आणि शेतही त्यांचं नव्हतं." मग काठीने मातीत रेघ ओढून म्हणाले, "इथे ज्वारी. इथे पांबा." पांबा म्हणजे कापूस. "माणूस एकच."

पाण्याबद्दल मी विचारलं नाही. त्यांनीच निघताना सांगितलं, की त्यांच्या आजीच्या मते पाणी खोटं नव्हतं, लोकांनी पथ्य पाळलं नाही. चालकाने मला डोळ्यांनी 'वाद नको' असं सांगितलं. मी तरी कुठे घालणार होते.

पाचवा आणि सहावा दिवस : रस्ताच रस्ता

लिंडीला मुक्काम, मग मसासी, तुंडुरू, नामतुंबो आणि रात्री उशिरा सोंगेआ. रस्ता सगळा डांबरी, गाडी पळते, आणि तासन्‌तास माणूस दिसत नाही. सुकं जंगल, वारुळं, मध्येच कोळशाची पोती रस्त्याकडेला विकायला ठेवलेली. लिहिण्यासारखं फार नाही, मात्र खिडकीबाहेर बघत बसल्यावर हिशेब मांडता येतो.

ऑगस्ट 1905 मध्ये आग या वाटांनी पसरली. किल्व्याहून पेरामिहोला निघालेले कॅथलिक बिशप कॅसियन श्पीस आणि त्यांच्यासोबतचे दोन ब्रदर, दोन सिस्टर 14 ऑगस्टला मारले गेले. लिवालेचं ठाणं पडलं. 30 ऑगस्टला हजारो लोकांनी माहेंगेच्या ठाण्यावर चाल केली आणि मशीनगनसमोर त्यांची चाळण झाली. पाणी काय करू शकत नाही हे त्या दिवशी कळलं. तरी लोक थांबले नाहीत. समोरासमोरची लढाई सोडून गनिमी कावा धरला.

मग जर्मनांनी शेतं जाळली. पिकं, कोठारं, गावं. केवळ उपासमारच या लोकांना शरण आणेल, असं एका कप्तानाने स्पष्ट लिहून ठेवलं आहे. आणि तसंच झालं. जर्मनांच्या बाजूचे गोरे मेले 15, आफ्रिकी सैनिक 389. या बाजूचे मेले, सरकारी आकड्यानुसार 75,000. नंतरच्या अभ्यासकांच्या अंदाजात अडीच ते तीन लाख, बहुतेक भुकेने आणि रोगाने. शेतं ओस पडली, रान वाढलं, त्से-त्से माशी आली, हत्ती आले. या रस्त्याच्या उत्तरेला आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या अभयारण्यांपैकी एक पसरलेलं आहे. पर्यटक त्याला 'माणसाचा हात न लागलेला निसर्ग' म्हणतात. हात चांगला लागलेला आहे.

दोन्ही बाजूंच्या आकड्यांत मेलेले बहुतेक आफ्रिकीच आहेत हेही नोंदवून ठेवते. आणि 1898 पर्यंत जर्मनांशी झुंजलेले इरिंग्याचे हेहे या वेळी उठले नाहीत. त्यांचा राजा म्क्वावा याने पकडले जाण्यापेक्षा स्वतःला गोळी घातली होती. एकदा संपूर्ण पोळलेला माणूस दुसऱ्यांदा हात घालत नाही, आणि शिवाय जुनी शेजारवैरंही होती. सगळा देश एकदिलाने उठला, असं कधीच कुठेच होत नाही. आमच्याकडे 1857 लाही झालं नव्हतं.

सातवा दिवस : सोंगेआ

सोंगेआ हजार मीटरच्या वर आहे. सकाळी शाल घ्यावी लागली. बाजारात रताळी, वाटाणा, ढीगभर मका. शहराला नाव आहे ते न्दुना सोंगेआ म्बानो याचं. न्दुना म्हणजे सेनानी.

माजी माजी संग्रहालयाच्या आवारात सामूहिक कबर आहे. 27 फेब्रुवारी 1906 रोजी इथे फाशी दिलेल्या न्गोनी लोकांची, 67 जणांची. त्यात न्कोमानिले ही एक स्त्री, स्वतः एका भागाची प्रमुख. किन्जाला नावाच्या माणसाने उत्तरेकडून माजी आणलं, आणि त्याला न्गोनींपर्यंत आणण्यात तिचा हात होता. अजूनही दरवर्षी 27 फेब्रुवारीला इथे लोक जमतात.

पण न्गोनींच्या डोंगरात कापसाची सक्ती नव्हती! मातुंबीत सापडलेलं माझं उत्तर इथे चालेना. हे लोक मुळात एकोणिसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेतल्या धामधुमीतून उत्तरेकडे आलेले योद्धे. इथल्या जुन्या लोकांना जिंकून त्यांनी राज्य केलं. 1897 साली जर्मनांनी त्यांच्या प्रमुखांना बोलणीच्या निमित्ताने बोलावलं आणि बंदुकीच्या धाकाने नमवलं. त्यानंतर छापे मारणं बंद, माणसं धरून आणणं बंद, खंडणी बंद. वर कर, सक्तीची मजुरी. आणि 1903 मध्ये पेरामिहोच्या मिशनमधल्या एका पाद्र्याने राजा म्पुता गामा याची पितरांची पवित्र झोपडी जाळली. पेरामिहो इथून पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. 1905 मध्ये न्गोनींनी ते मिशन जाळलं. आता तिथे मोठं चर्च आणि रुग्णालय आहे, म्पुताचे वंशजही त्याच चर्चला जात असतील. म्पुता 67 जणांत आहे.

म्हणजे मातुंबीचा शेतकरी उठला तो राबणं असह्य झालं म्हणून, न्गोनीचा सरदार उठला तो राज्य गेलं, पितरं जळाली म्हणून. एकाला चाबूक नको होता, दुसऱ्याला स्वतःचा परत हवा होता. पाण्याने या दोघांना एका बाजूला उभं केलं. ही गोष्ट ग्योट्सेनच्या सबबीतही बसत नाही आणि स्मारकाच्या भाषणातही नाही.

ज्यूलियस न्येरेरे यांनी 1956 मध्ये संयुक्त राष्ट्रांसमोर बोलताना माजी माजीचा दाखला दिला होता. लोक अंधश्रद्धेने किंवा दहशतीने उठले नाहीत, गोऱ्याला काळ्यावर राज्य करायचा, त्याला सुधारायचा हक्क आहे हेच त्यांना मान्य नव्हतं, असा त्याचा आशय. स्वातंत्र्य मागायला उभ्या माणसाने हेच म्हणायला हवं. मला मात्र कापसाची ती मातीतली रेघ जास्त पटते. माणूस एकच. आणि एक पुरावा जर्मनांनीच देऊन ठेवला : उठाव मोडल्यावर नव्या गव्हर्नरच्या काळात कापसाची सामाईक शेतं बंद झाली. मांत्रिकच कारण असता, तर शेतं बंद करायची गरज काय होती?

न्दुना सोंगेआची कबर वेगळी आहे. त्याला जिवंत ठेवायची जर्मनांची तयारी होती, पण सोबत्यांनंतर जगायला त्याने नकार दिला, म्हणून काही दिवसांनी त्यालाही लटकावलं, असं इथे सांगतात. कबरीत धड आहे. डोकं जर्मनीला नेलं. नोव्हेंबर 2023 मध्ये जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर इथे आले, वंशजांना भेटले, क्षमा मागितली आणि डोकं शोधायचा प्रयत्न करू असं म्हणाले. मार्गदर्शक मुलगी हे सांगताना कुठलाही सूर न लावता सांगत होती, रोज सांगावं लागतं तसं.

तेवढ्यात शाळेची सहल आली. निळे स्वेटर घातलेली चाळीस-पन्नास मुलं, हातात वह्या. त्यांच्या सरांनी पुतळ्यांसमोर उभं राहून काहीतरी लिहून दिलं आणि मुलं कबरीच्या कठड्यावर वह्या टेकवून लिहायला लागली. मी एका मुलीच्या मागे जाऊन उभी राहिले. सवय. वर लिहिलं होतं 'सबाबू झा व्हिटा', युद्धाची कारणं. खाली आकडे. एक, कोडी. म्हणजे कर. दोन, पांबा. तीनवर ती अडली होती आणि शेजारणीच्या वहीत बघत होती. मी खाकरले. तिने दचकून वही मिटली, मला बघून उभी राहिली आणि गुडघे किंचित वाकवून म्हणाली, "शिकामू, मामा."

"मराहाबा," मी म्हटलं, आणि चालकाला विचारायला लावलं की याला गुण किती.

"दहा," ती म्हणाली.

आमच्याकडे पाचच होते.